विमलाबाईंचा अंगठा आणि मिरीच्या तीन चक्क्या

डॉक्टरीणबाईंनी विमलाबाईंना अंगठा मुठीत घ्यायला सांगितला, त्यावर चारही बोटं मिटायला लावली आणि ती मूठ अलगद करंगळीच्या बाजूला वाकवली. विमलाबाई अशा काही ओरडल्या की बाहेर बाकावर बसलेला एक पेशंट "मी उद्या येतो" असं सांगून निघून गेला.

"अंगठ्याकडची शीर सुजलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दीड महिना कुटणं, वाटणं, पिळणं, खोवणं सगळं बंद. गोळ्या देते, पट्टा देते. पण हाताला विश्रांती मिळाली नाही तर छोटंसं ऑपरेशन करावं लागेल."

"आणि मग चतुर्थी?"

"मग चतुर्थीला हात गळ्यात."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या हरिश्चंद्र पावसकर गुरुजींचा चेहरा पडला. प्रश्न नुसत्या हाताचा नव्हता. उकडीच्या मोदकाची पारी कुणीही करील, सारण कुणीही भरील, पण मुखऱ्या, म्हणजे वरच्या कळ्या, पाडायला अंगठाच लागतो, आणि त्यांच्या आळीत तो अंगठा विमलाबाईंचा होता. गेल्या चतुर्थीला शेजाऱ्यांचा मुंबईचा जावई त्या मुखऱ्यांचे फोटो काढत बसला आणि मोदक निवून गेला, तेव्हा विमलाबाई त्याच्यावर रागावल्या होत्या, पण तो राग दिवाळीपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या.

"घरात रोज एवढं काय कुटता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

विमलाबाईंनी नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

गुरुजींना लाल तिखट बाधतं. त्यामुळे त्यांच्या घरात तिखट म्हणजे मिरी. सारात मिरी, खिचडीत मिरी, पिठल्यात मिरी, पावसाळ्यात वर काढ्यात मिरी. ती मिरी घरच्याच परसातल्या पोफळीवर चढलेल्या वेलाची, आणि ती आयत्या वेळी खलबत्त्यात कुटूनच घ्यायची, हा विमलाबाईंचा नेम. म्हणजे हा अंगठा गुरुजींच्या पोटापायी गेला होता. जन्मभर मुलांना कारण आणि परिणाम शिकवलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी स्टुलावरच मनाशी ठरवलं की आपण मिरी दळायची एक चांगली चक्की आणायची. आणि घरी जाताना रिक्षात ठरवलं की नुसती चांगली नाही, टिकाऊ.

हा 'टिकाऊ' शब्द आला आणि घोटाळा झाला.

त्याचं असं झालं की, घरी आल्यावर गुरुजींनी स्वयंपाकघरात एक फेरी मारली. निवृत्त मुख्याध्यापकाने स्वयंपाकघराची तपासणी करणं ही तशी धोक्याचीच गोष्ट, पण विमलाबाई पट्टा बांधून बसल्या होत्या, त्यांना उठून हाकलता येईना. सांडशीची खीळ ढिली होती. प्लॅस्टिकचं उलथनं एका बाजूने वितळून जिभेसारखं बाहेर आलं होतं. किसणीला गाजरापेक्षा बोटंच जास्त आवडत होती. सोलाण्याचं पातं मुठीत गोल फिरत होतं.

"हे सगळं गेल्या दोन-चार वर्षांतलं," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "आणि ती विळी बघ. माझ्या आईची. अजून तशीच. का? विचार करून सांग."

"मी काय चौथीत आहे का?" विमलाबाई म्हणाल्या. "विळी टिकली कारण तिला तुम्ही कधी हात लावला नाहीत."

तर गुरुजींनी जाहीर केलं, की या घरात यापुढे जे अवजार येईल ते नातवंडांना वापरता येईल असंच येईल. सुरुवात मिरीच्या चक्कीपासून.

ही बातमी शेजारच्या नागवेकरांकडे पोचायला कुंपणाचीही अडचण नव्हती. भिकाजी नागवेकर जहाजावर होते, सगळी बंदरं पालथी घालून आता घरी बसले होते, आणि कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे एक बंदर असे.

"गुरुजी, चक्की घेताना लाकडाची घ्या," ते मधल्या दगडी गडग्यावरून म्हणाले. "मार्सेलला आमच्या कॅप्टननं घेतलेली. बघण्यासारखी!"

"लाकूड नको हो," त्यांच्या मागून कमळावहिनी म्हणाल्या. "या हवेत बुरशी धरते. आणि चक्की तरी कशाला? मिक्सरमधून काढा नि टाका."

"अगो, दोन माणसांची मिरी केवढी!" आतून विमलाबाई ओरडल्या. "मिक्सरमध्ये घातली की पात्याखाली जाऊन बसते. काढायला पुन्हा बोटच घालावं लागतं."

"मग दळून ठेव एकदम डबाभर."

"दळून ठेवलेली मिरी आणि परसातली माती, दोन्ही सारखीच गो कमळे!"

गुरुजी दुसऱ्या दिवशी खिशात लोहचुंबक घालून बाजारपेठेत गेले. हा चुंबक शाळेतला. निवृत्तीच्या वेळी मुलांनी आठवण म्हणून दिलेला. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलं होतं. दुकानात त्यांनी सांडश्या तपासल्या, उलथनी तपासली, एक झारा आवडून बाजूला ठेवला. मग दुकानदाराने स्टीलच्या दात्यांची एक चक्की दाखवली, तिला चुंबक टक्कन चिकटला.

"हलका माल," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, दळायचं पोलाद कडक लागतं. ते चिकटणारच," दुकानदार म्हणाला.

"माझ्या वर्गात होतास ना तू?"

"हो गुरुजी."

"मग?"

दुकानदाराने ती चक्की परत फळीवर ठेवली. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळतं, पण गुरुजींशी वाद घातला तर आईपर्यंत तक्रार जाते, हे त्याला वयाच्या चाळिशीतही पक्कं ठाऊक होतं. गुरुजी आतून चिनी मातीच्या दात्यांची, बाहेरून शिसवीची, लख्ख पॉलिश केलेली चक्की घेऊन घरी आले. संध्याकाळी शिकवणीला आलेल्या मुलांनी ती पडवीतल्या टेबलावर पाहिली.

"गुरुजी, बुद्धिबळातला उंट एवढा मोठा?" ऋत्विकने विचारलं.

"चक्की आहे ती. मिरी दळायची. नवं जातं घरात आलं तर पहिल्यांदा त्यात काय दळतात? कोण सांगेल?"

"तांदूळ!" शमिका ओरडली. तिच्या आजीकडे अजून जातं होतं.

"शाब्बास. का?"

"दगडाची कच निघून जाते. ते पीठ फेकून द्यायचं."

"आणि मग जातं स्वच्छ करायचं. परंपरा म्हणजे काय, तर अनुभवातून आलेलं विज्ञान." असं म्हणून गुरुजींनी त्या उंटात मूठभर तांदूळ घातले, मुलांकडून आळीपाळीने दळून घेतले, पीठ परसात फेकलं, चक्की नळाखाली धरून खळखळून धुतली, पुसली, लाकडाला खोबरेल चोळलं आणि तिच्यात मिरी भरली. विमलाबाईंनीही मान डोलवली. त्यांच्या माहेरीही असंच करत.

त्या रात्रीच्या सारावर मिरी अशी काही पडली की विमलाबाई "बरी आहे हो" म्हणाल्या. विमलाबाईंच्या तोंडून 'बरी' म्हणजे जिल्ह्यात पहिला नंबर. पण दोन-तीन दिवसांत चक्की जड झाली. मग करकरली. मग गुरुजींनी तिचं डोकं एका हाताने आणि कंबर दुसऱ्या हाताने धरून पीळ दिला, तेव्हा फिरले ते स्वतः गुरुजीच.

"टिकाऊ ना?" विमलाबाईंनी विचारलं.

मिरी तर हवीच होती. काढा उकळत होता. विमलाबाई पट्टा सोडायला लागल्या तेव्हा गुरुजींनी घाईघाईने खलबत्ता पुढ्यात ओढला आणि बत्ता उचलून दाणकन मारला. मिरीचे दाणे चारी दिशांना उडाले. एक दुधात पडला, एक देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी जाऊन स्थिरावला.

"अहो, मारायचं नाही. कुटायचं," विमलाबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आधी दाणा नुसता दाबून फोडायचा. मग फिरवायचा. वर तळहात आडवा धरा. असा नाही हो, असा!"

सगळ्या गावाला शिकवलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं की शिकणाऱ्याच्या कानाची पाळी का लाल होते.

चक्की परत करायला गेल्यावर दुकानदार म्हणाला, "गुरुजी, गॅरंटी लाकडाची आहे. लाकूड शाबूत आहे." आणि त्याची नजर फळीवरच्या त्या चुंबक चिकटलेल्या चक्कीकडे गेली. गुरुजींना ती नजर रिक्षात बसेपर्यंत पाठीला टोचत होती.

मग मुंबईहून त्यांच्या लेकीने, नम्रताने, सूत्रं हातात घेतली. "बाबा, तुम्ही आता दुकानात जाऊ नका. मी ऑनलाइन मागवते, पूर्ण पोलादी. हजारो लोकांनी चांगली म्हटलीय." चक्की आली. सुंदर, जड, आणि चुंबक चिकटणारी; पण आता गुरुजी चुंबकाचं नाव काढत नव्हते. त्यांनी तिची तितक्याच भक्तिभावाने तांदळाची पूजा बांधली, धुतली, मिरी भरली. तिने आधीच्या चक्कीपेक्षा एक दिवस जास्त काम केलं आणि मग तीही बसली.

त्या दिवशी गुरुजी पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरात खलबत्ता जमिनीवर, बत्ता आडवा, आणि विमलाबाई उजवा हात डाव्या हातात धरून भिंतीला टेकलेल्या. डोळ्यांत पाणी.

"चारच दाणे होते हो," त्या म्हणाल्या.

अंगठ्याच्या मुळाशी चांगलं बोराएवढं सुजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी आवाज चढवला. "पुन्हा एकदा असं झालं तर मी ऑपरेशनची तारीखच देणार," त्या म्हणाल्या. घरी येताना विमलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि रिक्षा थिबा पॅलेसचा चढ चढत असताना एकदम म्हणाल्या, "कमळीला मुखऱ्या शिकवायला हव्यात. तिच्या मोदकाचं तोंड मिटतच नाही." हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज गुरुजींना जेवताना, झोपताना, मुलांचे पाढे ऐकताना ऐकू येत राहिला.

त्या दिवसापासून गुरुजींनी एक काम केलं. घराबाहेर पडताना ते बत्ता पिशवीत घालून बरोबर नेऊ लागले. खल घरी, बत्ता गुरुजींबरोबर. ग्रंथालयात बत्ता, बँकेत बत्ता, संध्याकाळी मांडवीला समुद्रावर फिरायला गेले तरी काखेत पिशवी आणि पिशवीत बत्ता. सकाळ-संध्याकाळची मिरी ते स्वतःच कुटत, विमलाबाईंच्या देखरेखीखाली. विमलाबाई खुर्चीवरून सूचना देत आणि सुधारणेला वाव आहे असं रोज सांगत.

पोलादी चक्की परत पाठवायची तर न्यायला आलेल्या मुलाने "वापरलेली आहे" म्हणून ती घेतली नाही. तेव्हा गुरुजी ती घेऊन स्वतः मिरजोळ्याला एमआयडीसीतल्या कुरियरच्या गोदामात गेले. काउंटरवरच्या बाई कामसू होत्या. त्यांच्यासमोर संगणक होता आणि संगणकात प्रश्न होते.

"आत काय आहे?"

"चक्की."

"विजेची?"

"हाताची."

"खाद्यपदार्थ आहेत?"

खोटं बोलणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. "यंत्र आहे. पण त्यात थोडे खाद्यपदार्थ अडकलेले आहेत."

"मग रिकामं करून आणा."

"बाई, ते रिकामं होत नाही, हीच तर तक्रार आहे."

बाईंनी संगणकात बघितलं. संगणकाकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी चक्की हातात घेतली, उलटी केली आणि जोरात हलवली. ती फिरत नसली तरी तिच्या तळाशी जमलेली भुकटी सुटी होती. आधी साहेब शिंकले, मग बाई, मग रांग. शिंका ओसरल्यावर साहेब डोळे पुसत म्हणाले, "आजोबा, आणि त्या पिशवीत काय आहे?"

"बत्ता," गुरुजी म्हणाले.

"कशासाठी?"

आता याचं खरं उत्तर 'बायकोच्या हाती लागू नये म्हणून' असं होतं, आणि गुरुजींनी तेच दिलं. त्यानंतर त्यांच्याशी सगळे फार सौम्यपणे बोलू लागले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, रांगेतल्या एका बाईने "घरी सगळं ठीक आहे ना हो?" असं विचारलं. पार्सल मात्र कुठलाही प्रश्न न विचारता ताबडतोब गेलं. त्यासोबत गुरुजींनी कंपनीला तक्रारही पाठवली होती, तीत 'ग्राहकाच्या विश्वासाचा चुराडा' असे शब्द होते. चुरा करणं तेवढं जमतं आहे असा अर्थ निघतो हे नम्रताने फोनवर लक्षात आणून दिलं, पण तोवर पाठवून झाली होती.

ही हकीकत ऐकून भिकाजी नागवेकरांना राहवलं नाही. ते शोकेस उघडून एक पितळी चक्की घेऊन आले. तुर्कस्तानच्या बंदरात घेतलेली, नक्षीकाम केलेली, वर दुमडणारा दांडा.

"ही घ्या. इतकी वर्षं झाली, काय झालं हिला? काय नाय!"

"वापरली होती कधी?"

"वापरली असती तर टिकली असती का!"

"मला आजवर हात लावू दिला नाय हो त्यांनी हिला," कमळावहिनी विमलाबाईंना म्हणाल्या. "गुरुजींना बरी लगेच देववली. जपून वापरा हां. त्यांचा जीव आहे तिच्यात."

इतक्या जोखमीची वस्तू. साहजिकच गुरुजींनी या वेळी तांदूळ दुप्पट घातले आणि चक्की दोनदा धुतली.

ती बसली तेव्हा गुरुजी खरंच हादरले. एक चक्की बसते, ती चक्कीची चूक. दुसरी बसते, तो काळाचा महिमा. पण शेजाऱ्याचा जीव ज्यात आहे ती तुर्की चक्की बसली तर कुणाला तक्रार करायची? दोन दिवस त्यांनी नागवेकरांकडे बघायचं टाळलं. गडग्याकडची खिडकी लावून घेतली. नागवेकर "काय गुरुजी, कशी चाललीय?" असं ओरडले की ते आतून "अहो, काय सांगू!" असं ओरडत, जे खोटं नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं की ती तुर्की चक्की उघडायची. आणि एकट्याने उघडायची नाही, वर्गात उघडायची. मुलांना जात्याच्या दोन तळ्या कशा चालतात ते दाखवता येईल, आणि हलक्या मालाचा एक नमुनाही. संध्याकाळी पडवीत सगळी मुलं गोल करून बसली. आत दारापाशी खुर्ची टाकून विमलाबाईही बसल्या.

"मुलांनो," गुरुजी म्हणाले, "माझ्या आईची विळी टिकली, पण चक्क्या टिकत नाहीत. का टिकत नाहीत ते आज आपण डोळ्यांनी बघणार आहोत." त्यांनी तळाचा स्क्रू काढला, दात्यांची चकती बाहेर काढली आणि मुलांसमोर धरली.

चकतीच्या प्रत्येक खाचेत काहीतरी पांढुरकं, चिवट, मिरीच्या ठिपक्यांचं भरलं होतं.

"बुरशी?" ऋत्विक म्हणाला.

शमिकाने बोटाने थोडं खरवडलं, दोन बोटांत चोळून बघितलं. "नाय गुरुजी. ही खळ आहे. आम्ही पतंगाला लावतो ना, तशी."

"खळ? चक्कीत खळ कुठून येईल?"

"तांदळाचं पीठ नि पाणी," शमिका म्हणाली. "तुम्ही धुता ना नंतर."

आत खुर्ची करकरली. गुरुजी चकतीकडे बघत राहिले. जात्याच्या तळ्या उघड्या असतात. पुसल्या की झालं. पाटा तर सताड उघडाच. पण या बंद पोटात राहिलेलं पीठ पाण्याने भिजून, श्रावणातल्या दमट हवेत मुरून, दात्यांना चिकटून बसलं होतं. तांदळाने काही बिघडत नव्हतं आणि पाण्यानेही. दोघांची गाठ गुरुजींनी घालून दिली होती, तीही तीन वेळा, आणि शेवटच्या वेळी दुप्पट.

आता इथे गुरुजींना 'आज एवढंच पुरे' असं म्हणता आलं असतं. वर्गात असं म्हटलं की मुलं प्रश्न विचारत नाहीत, पळतात. पण शमिका त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचं उत्तर बरोबर होतं.

"शमिका बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "चक्क्या चांगल्या होत्या. मी चुकलो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शमिकासाठी की गुरुजी चुकले म्हणून, हे गुरुजींनी विचारलं नाही.

"आम्ही दोघंही चुकलो हो," आतून विमलाबाई म्हणाल्या. "मीच मान डोलवली होती ना!" आणि मग त्यांना असं हसू आलं की पट्ट्याचा हात पोटावर धरून त्या खुर्चीतच वाकल्या. गुरुजींनी त्यांना महिन्याभरात असं हसताना बघितलं नव्हतं.

मुलांनी दात घासायच्या जुन्या ब्रशांनी तुर्की चक्कीची खाच न् खाच कोरून काढली. गरम तव्याशेजारी ती वाळत ठेवली. मिरी घातली, दांडा फिरवला, आणि घरभर वास सुटला. गुरुजी तसेच उठले, गडगा ओलांडून नागवेकरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. नागवेकर आधी चक्की कानाशी धरून फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे वापरली तरी टिकते?" कमळावहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वयंपाकघरात नेली. शोकेसमध्ये ती पुन्हा दिसली नाही.

शिसवीचा उंटही कोरल्यावर तुरुतुरु चालू लागला. राहता राहिली पोलादी. दुसऱ्याच दिवशी नम्रताचा फोन आला. "बाबा, कंपनीचं उत्तर आलंय. 'आमच्या उत्पादनातील दोषामुळे आपणास झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चूक सर्वस्वी आमची आहे.' नवीन चक्की पाठवतायत. जिंकलात तुम्ही!"

गुरुजींना इतकं वाईट तक्रार करतानाही वाटलं नव्हतं. दुसऱ्याने केलेली चूक एखादा मुलगा आपल्या नावावर घेऊन उभा राहिला तर त्याला ते कधी बसू देत नसत. त्यांनी नम्रताकडून ताबडतोब उत्तर लिहून घेतलं, की दोष आपला नसून तांदळाचा वापर आमच्याकडून झाला, तरी माफी परत घ्यावी आणि चक्की पाठवू नये. कंपनीने माफी परत घेतली नाही आणि चक्कीही पाठवली. माफी परत घेण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती. गुरुजींनी ती चक्की शमिकाला बक्षीस दिली, आणि तिच्या आजीला बजावून आले, "हिला पाणी दाखवायचं नाही."

एवढं सगळं होऊनही सकाळ-संध्याकाळची मिरी गुरुजीच कुटत राहिले. उंट फडताळात बसून असे. एकदा हात बसला की हाताच्याच मिरीला चव असते, असं ते सांगत. विमलाबाई म्हणत, आत्ता कुठे जरा बरं कुटायला लागलेत, आणि ते 'बरं' ऐकायला गुरुजी थांबून राहत.

चतुर्थी तोंडावर आली तेव्हा दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. गुरुजी त्याच स्टुलावर बसले. डॉक्टरीणबाईंनी पट्टा काढला, अंगठा मुठीत घ्यायला सांगितला, चार बोटं मिटायला लावली. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मूठ करंगळीकडे वाकली.

काहीच आवाज आला नाही.

"दुखलं?"

"नाही," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा मूठ वाकवून बघितली. "नाही हो!"

"मोदक करा खुशाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा करून थांबायचं, मग पुन्हा दहा. ऑपरेशनचं नाव नको आता."

बाहेर पावसाने उघडीप दिली होती. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी एक बाई टोपलीत तवशी घेऊन बसली होती, ती पावसाळी मोठाली काकडी. विमलाबाई पुढे चालल्या होत्या, त्या थांबल्या, वाकल्या, आणि उजव्या अंगठ्याचं नख एका तवशात कचकन रुतवलं.

"ओ काकी! नख नका मारू हां!" टोपलीवाली ओरडली. "आता कोण घेईल ते?"

विमलाबाईंनी अंगठा डोळ्यांजवळ धरला. नखाखाली हिरवा रस होता. तो त्यांनी इकडून बघितला, तिकडून बघितला.

"आम्ही घेतो ते," गुरुजी घाईने म्हणाले.

"अहो, जून आहे ते," विमलाबाई हळूच म्हणाल्या. "नखाला कळतंय."

"असू दे," गुरुजी म्हणाले. "तू त्या पलीकडच्याला मारून बघ."